रीस्टार्ट केलं की बरं, दोन दिवसांनी पुन्हा तेच: विंडोजच्या परत परत येणाऱ्या अडचणींवर कायमचा इलाज

"भाऊ, काल तर बरोबर चालत होता. आज पुन्हा तसाच करून राहिला." छोटी ऑफिसं, डीटीपीची दुकानं, शाळांची कार्यालयं अशा ठिकाणचे कॉम्प्युटर मी सांभाळतो आणि नागपुरात बर्डीपासून मानेवाड्यापर्यंत हीच तक्रार ऐकतो. प्रिंट जात नाही. टाइप करता करता कीबोर्ड इंग्रजी होतो. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल सापडत नाही. रीस्टार्ट केलं की काम सुरू होतं आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन येतो.

एकदाच आलेली अडचण रीस्टार्टने गेली तर तिच्या मागे लागू नये. पण तीच अडचण फिरून फिरून येत असेल तर तिचं मूळ शोधायलाच हवं, आणि ते बहुतेक वेळा सापडतं. विंडोजमध्ये अशा बऱ्याच सेटिंग्ज आहेत जिथे निर्णय आपल्या वतीने विंडोज घेतं. मुख्य प्रिंटर कोणता, आत्ता कीबोर्ड कोणत्या भाषेचा, डेस्कटॉपच्या फाइली कुठे ठेवायच्या, 'बंद' म्हणजे नेमकं किती बंद. एका माणसाच्या एका लॅपटॉपवर ही सोय होते. जिथे एकाच मशीनवर चार जण बसतात, दोन प्रिंटर असतात आणि दिवसभर मराठी-इंग्रजी दोन्ही टाइप होतं, तिथे मात्र या सोयीच आडव्या येतात. अशा वेळी ते बटण शोधायचं आणि निर्णय आपल्या हातात घ्यायचा.

खाली दिलेली मेन्यूंची नावं विंडोज ११ मधली आहेत. विंडोज १० मध्ये एखादं पान इकडचं तिकडे असेल, पण सेटिंग्जच्या वरच्या शोधखिडकीत नाव टाकलं की सापडतं.

शटडाउन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही

"आम्ही तर रोज संध्याकाळी व्यवस्थित बंद करूनच जातो जी," असं कुणी म्हटलं की मी सगळ्यात आधी टास्क मॅनेजर उघडतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. परफॉर्मन्समध्ये जा, सीपीयू निवडा आणि आलेखाच्या खाली 'अप टाइम' पाहा. तिथे दिवस, तास, मिनिटं आणि सेकंद असे चार आकडे असतात. रोज बंद होणाऱ्या मशीनवर दिवसांच्या जागी शून्य दिसायला हवं. बऱ्याच ठिकाणी तिथे १२, २०, कधी त्याहूनही मोठा आकडा असतो, आणि समोरचा माणूस माझ्याकडे बघतच राहतो.

तो खोटं बोलत नसतो. ही फास्ट स्टार्टअपची करणी आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ही सोय आली. शटडाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉगआउट होता, पण विंडोजचा गाभा म्हणजे कर्नेल आणि ड्रायव्हर (प्रिंटर, वाय-फाय अशी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) ज्या अवस्थेत असतील ती अवस्था सी ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फाइलमध्ये साठवून ठेवली जाते. सकाळी बटण दाबलं की सगळं नव्याने सुरू न होता तीच अवस्था परत उचलली जाते. काल संध्याकाळी प्रिंटरचा किंवा वाय-फायचा ड्रायव्हर अडकला असेल, तर आज सकाळी तो अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये असं होत नाही, तिथे गाभा खरोखर नव्याने सुरू होतो. लोकांना मात्र शटडाउन हे मोठं काम आणि रीस्टार्ट हे छोटं काम वाटतं, त्यामुळे "बंद करून चालू केलं" असं सांगतात आणि अडचण तशीच राहते.

हार्ड डिस्कच्या मशीनवर या सोयीने चांगला वेळ वाचतो. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या मशीनवर काही सेकंदांचाच फरक पडतो. एसएसडी आहे आणि तक्रार वारंवार येते आहे, तर फास्ट स्टार्टअप काढून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कंट्रोल पॅनेल उघडा, हार्डवेअर अँड साउंडमध्ये पॉवर ऑप्शन्स, आणि तिथे डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. खाली फास्ट स्टार्टअपची खूण दिसेल, पण फिकट. तिला हात लावता येत नाही आणि बरेच जण इथूनच परत फिरतात. वरच्या बाजूला 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' अशी निळी ओळ आहे, तिच्यावर क्लिक केलं की खूण मोकळी होते. खूण काढा, सेव्ह करा. तिथे फास्ट स्टार्टअपचा उल्लेखच नसेल तर त्या मशीनवर हायबरनेट (चालू अवस्था डिस्कवर साठवून बंद होण्याची सोय) आधीच बंद आहे, म्हणजे ही सोयही बंदच आहे आणि मूळ दुसरीकडे शोधायला हवं.

शाळेच्या मशीनवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड आपल्याकडे नसतो. तिथे शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा, त्या वेळेपुरतं मशीन पूर्ण बंद होईल. दुसऱ्या दिवशी अप टाइम पाहिला की काम झालं की नाही ते कळतंच. विंडोजचं मोठं अपडेट आल्यावर ही खूण एकदा तपासून घ्यावी.

"प्रिंट जात नाही": तीन वेगळ्या अडचणी, एकच तक्रार

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात लागतं आणि निवेदनं छापून घेणाऱ्यांची रीघ सुरू होते. मोर्चा निघायला तासभर उरलेला असतो, निवेदनाच्या प्रती हव्या असतात आणि नेमकी तेव्हाच प्रिंट जात नाही. अशा घाईत लोक प्रिंटर काढून पुन्हा इन्स्टॉल करतात. त्यातून एकाच प्रिंटरच्या दोन-तीन नोंदी तयार होतात, शेवटी कॉपी १, कॉपी २ असं लागलेल्या, आणि गोंधळ आणखी वाढतो. म्हणून इन्स्टॉल करण्याआधी ही नेमकी कोणती अडचण आहे ते ओळखा.

पहिला प्रकार. कंट्रोल आणि पी दाबलं, ओके केलं, आणि कागद येण्याऐवजी फाइलचं नाव विचारणारी खिडकी उघडली. याचा अर्थ प्रिंट 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' या आभासी प्रिंटरकडे गेली. कुणीतरी सकाळी एक पीडीएफ बनवली आणि विंडोजने तोच मुख्य प्रिंटर करून टाकला. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, तिथे प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, खाली 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' नावाचं बटण आहे. ते चालू असलं की ज्या प्रिंटरवर शेवटची प्रिंट दिली तो मुख्य ठरतो. विंडोज १० मध्ये २०१५ च्या नोव्हेंबर अपडेटपासून हे आलं. बटण बंद करा, मग आपला प्रिंटर उघडून 'सेट अ‍ॅज डीफॉल्ट' करा. एका मशीनवर दोघांची वेगवेगळी लॉगिनं असतील तर दोन्हीत करा, कारण ही सेटिंग प्रत्येक लॉगिनची वेगळी असते. ताईंच्या लॉगिनमध्ये केलं म्हणून साहेबांच्या लॉगिनमध्ये होत नाही.

दुसरा प्रकार. प्रिंट दिली, रांगेत नाव दिसतं, पण ते तिथेच बसून राहतं. डिलीट केलं तर 'डिलीटिंग' असं लिहून येतं आणि तेही तिथेच राहतं. त्याच्या मागे दिलेल्या सगळ्या प्रिंट अडतात, लोक आणखी पाच वेळा प्रिंट देतात, आणि कधीतरी मोकळं झालं की पाचही प्रती बाहेर पडतात. इथे प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा, अडकलेला असतो. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा, यादीत प्रिंट स्पूलर शोधा, उजवं क्लिक करून 'स्टॉप' करा. ती खिडकी तशीच राहू द्या. आता सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमध्ये जा. फोल्डर उघडताना परवानगी विचारेल, द्या. आत ज्या फाइली असतील त्या काढा. फोल्डर स्वतः काढायचं नाही, फक्त आतल्या फाइली. परत सर्व्हिसेसमध्ये येऊन स्पूलर 'स्टार्ट' करा. रांग मोकळी झालेली दिसेल.

हे दर आठवड्याला करावं लागत असेल तर मात्र वरचा फास्ट स्टार्टअपचा उपाय आधी करा. तो केल्यावरही रांग अडकत राहिली, तर एखादी ठरावीक फाइलच दरवेळी अडकते आहे का ते पाहा. मोठ्या चित्रांची पीडीएफ असेल तर अ‍ॅडोब रीडरमधून छापताना 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'प्रिंट अ‍ॅज इमेज' निवडून पाहावं. लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो.

तिसरा प्रकार सगळ्यात छळतो. प्रिंटर समोर चालू आहे, हिरवा दिवा लागलेला आहे, कागद आहे, आणि स्क्रीनवर 'ऑफलाइन'. हे वाय-फायवर किंवा केबलने राउटरला जोडलेल्या प्रिंटरवर होतं. कारण असं: राउटर प्रत्येक उपकरणाला एक पत्ता देतो, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. लाइन गेली, परत आली, राउटर नव्याने सुरू झाला, आणि या वेळी त्याने प्रिंटरला वेगळा पत्ता दिला. कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. मे-जूनमध्ये वादळाने दिवसातून चारदा लाइन जाते तेव्हा ही तक्रार एकदम वाढते, ती यामुळेच.

प्रिंटर काढून पुन्हा जोडला की नवा पत्ता सापडतो, म्हणून तो इलाज लागू पडल्यासारखा वाटतो, पुढची लाइन जाईपर्यंत. कायमचा इलाज म्हणजे प्रिंटरचा पत्ता बांधून टाकणं. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असं काहीतरी नाव असतं, तिथे प्रिंटरचा कायमचा ओळखक्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस आणि एक ठरावीक आयपी लिहून ठेवायचा. प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस त्याच्याच नेटवर्क रिपोर्टच्या कागदावर छापून येतो. मग कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' उघडा. तिथे डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट (विंडोजने आपोआप शोधून जोडलेला) निवडलेला असेल तर त्याऐवजी 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' जोडा आणि बांधलेला पत्ता द्या. एवढं करूनही ऑफलाइन दाखवत असेल आणि प्रिंटरपर्यंत पिंग (त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते पाहणारी चाचणी) मात्र पोचत असेल, तर त्याच पोर्टच्या 'कॉन्फिगर' मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ही खूण काढा. त्या विचारपूशीला प्रिंटरने उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला ऑफलाइन धरतं.

एक साधी गोष्ट विसरू नका. प्रिंटरच्या रांगेच्या खिडकीत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' ही खूण कुणाच्या हातून चुकून लागलेली असू शकते. आधी ती पाहा, मग राउटरपर्यंत जा.

मराठी टाइप करताना कीबोर्ड मधेच बदलतो

परिच्छेद रंगात आलेला असतो आणि अचानक स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं उमटायला लागतात. किंवा उलट, इन्स्क्रिप्टवर (प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेली कळ असलेल्या कीबोर्डवर) हात बसलेला असतो आणि 'जे' दाबल्यावर र येण्याऐवजी भलतंच होतं, कारण मधेच फोनेटिक (इंग्रजी उच्चारावरून मराठी लिहिणारा कीबोर्ड) लागलेला असतो. टायपिंग करणाऱ्याची लय तुटली की चुका वाढतात, आणि दिवसभर पानं काढणाऱ्या माणसाला या गोष्टीचा किती मनस्ताप होतो ते त्याच्या शेजारी बसल्यावरच कळतं.

इथे दोन शॉर्टकट आडवे येतात. डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते. कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबलं की त्याच भाषेतला कीबोर्ड बदलतो. वर्डमध्ये शब्द निवडायला कंट्रोल आणि शिफ्ट धरून बाण दाबतात, परिच्छेद वर-खाली सरकवायला ऑल्ट आणि शिफ्ट धरून बाण दाबतात. बाण दाबायच्या आधी बोट उचललं गेलं की वर्डचं काम राहतं बाजूला आणि कीबोर्ड बदलतो. म्हणजे जो जितका झपाझप काम करतो त्याला हा त्रास तितका जास्त.

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, आणि तिथे 'इनपुट लँग्वेज हॉट कीज'. एक जुन्या धाटणीची छोटी खिडकी उघडते. 'बिटवीन इनपुट लँग्वेजेस' निवडा, 'चेंज की सीक्वेन्स' दाबा, आणि दोन्ही बाजूंना 'नॉट असाइन्ड' करा. आता भाषा बदलायची तर विंडोजचं बटण आणि स्पेसबार, एवढा एकच मार्ग उरतो आणि तो चुकून दाबला जात नाही.

त्याच पानावर 'लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच अ‍ॅप विंडो' अशी खूण आहे. ही लावावी की नाही हे कामावर अवलंबून आहे. एकीकडे वर्डमध्ये मराठी आणि दुसरीकडे ब्राउझरमध्ये इंग्रजी अर्ज भरायचा असेल तर लावा, प्रत्येक खिडकी आपापली भाषा लक्षात ठेवते. दिवसभर मराठीच टाइप करायचं असेल तर काढा, नाहीतर प्रत्येक नवी खिडकी इंग्रजीतच उघडेल आणि पुन्हा तीच तक्रार सुरू होईल.

कीबोर्ड एकच ठेवा हा माझा आग्रह आहे. विंडोजमध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट पूर्वीपासून आहे, आणि मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही आला. दोन्ही चांगले आहेत, पण एकाच लॉगिनवर दोन्ही लावून ठेवले की गोंधळ ठरलेला. लँग्वेज अँड रीजनमध्ये मराठीच्या समोरचे तीन ठिपके दाबा, लँग्वेज ऑप्शन्समध्ये जा आणि नको तो कीबोर्ड काढा. ज्याला रोज पानं काढायची आहेत त्याने इन्स्क्रिप्ट शिकावा. शिफ्ट आणि 'एन' वर ळ, शिफ्ट आणि 'जे' वर ऱ. मग 'तऱ्हा', 'दऱ्या' लिहायला ऱ, त्यानंतर 'डी' वरचा हलन्त आणि पुढचं अक्षर, झालं. काही शोधावं लागत नाही, यादीतून निवडावं लागत नाही.

काही मशीनवर तुम्ही यादीत न टाकलेला 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' कीबोर्ड आपोआप हजर होतो. सेटिंग्जच्या यादीत तो दिसत नाही, म्हणून काढताही येत नाही. आधी ती भाषा यादीत मुद्दाम जोडा आणि मग काढा. तरीही परत आला तर लँग्वेज अँड रीजनमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज' उघडा, 'कॉपी सेटिंग्ज' दाबा आणि खालच्या दोन्ही खुणा लावा. स्वागताच्या स्क्रीनची आणि नव्या लॉगिनांची भाषा तुमच्या यादीसारखी होते. पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा' म्हणतो, ही तक्रारही इथूनच येते. लॉगिनच्या स्क्रीनवर खाली उजवीकडे भाषेची खूण असते, पासवर्ड टाकण्याआधी तिच्याकडे एक नजर टाकावी.

कीबोर्डचा विषय निघाला म्हणून फॉन्टचंही सांगतो. जुन्या मशीनवर मंगल फॉन्टमध्ये नीट बसवलेली फाइल नव्या मशीनवर उघडली की पानं सरकतात, तक्त्यातले शब्द खालच्या ओळीत जातात. विंडोज १० पासून मंगल हा मूळ फॉन्टांमध्ये राहिलेला नाही, त्याच्या जागी निर्मला यूआय येतो आणि त्याची रुंदी वेगळी आहे. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा आणि 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' जोडा. मंगलबरोबर कोकिळा, अपराजिता, उत्साहही येतात. श्रीलिपी किंवा कृतीदेवमधल्या जुन्या फाइलींना मात्र हा उपाय लागू पडत नाही. ते युनिकोड (सगळ्या मशीनवर अक्षरांची एकच ओळख ठेवणारी पद्धत) नाही, तिथे तोच फॉन्ट लागतो किंवा कन्व्हर्टरने मजकूर बदलून घ्यावा लागतो.

एक्सेलमधल्या तारखा

ही अडचण छोटी दिसते आणि नुकसान मोठं करते. नव्याने विंडोज टाकताना प्रदेश युनायटेड स्टेट्स राहून जातो. मग एक्सेलमध्ये ०५/०६/२०२४ लिहिलं की आपल्या मनातला ५ जून विंडोजच्या लेखी ६ मे होतो. १३/०६/२०२४ लिहिलं तर तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीखच राहत नाही, साधा मजकूर होतो. ओळखायची खूण सोपी: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजा प्रदेश चुकला आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन उघडून फॉर्मॅट्समध्ये इंग्लिश इंडिया निवडा. दिवस आधी येतो, आणि लाखाचे स्वल्पविरामही १२,३४,५६७ असे आपल्या पद्धतीने पडतात. आधी भरलेल्या तारखा मात्र आपोआप दुरुस्त होत नाहीत. उजवीकडे चिकटलेल्या तारखा एकेक करून तपासाव्या लागतात, कारण दिसायला त्या बरोबरच दिसतात. फी, पगार, हजेरी यांच्या तक्त्यात हे राहून गेलं तर माणसांचं नुकसान होतं.

डेस्कटॉपवरची फाइल कुठे गेली

वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची फाइली ठेवायची जागा. तिचा बॅकअप चालू झाला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं वनड्राइव्हच्या फोल्डरात जातात. फुकटची जागा ५ जीबी. दुकानदाराच्या डेस्कटॉपवर लग्नाचे फोटो आणि पत्रिकांचे नमुने असतात, ५ जीबी भरायला कितीसा वेळ? मग 'जागा भरली' अशी सूचना रोज येते, आणि घाबरून लोक वनड्राइव्हमधल्या फाइली डिलीट करतात. असं करू नका. तिथून डिलीट केलं की कॉम्प्युटरवरूनही जातं. गेलंच असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवर रीसायकल बिनमध्ये ३० दिवसांपर्यंत सापडतं, ताबडतोब परत आणा.

बंद करायचं तर घड्याळाशेजारच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करा, सेटिंग्जमध्ये 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप', आणि फोल्डरांसमोरची बटणं बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या डेस्कटॉप फोल्डरात असतात, तिथून कट करून इकडे पेस्ट करा. आणि मग बॅकअपसाठी वेगळी हार्ड डिस्क घ्या. बॅकअप बंद करून निवांत बसणं हा उपाय नव्हे.

जेव्हा दोष सेटिंगचा नसतो

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४५ च्या आसपास जातो आणि मशीन दुपारीच रडायला लागतं. सकाळी ठीक, दोन वाजता संथ, संध्याकाळी पुन्हा ठीक, असं वेळापत्रक दिसलं तर सेटिंग्ज उकरत बसू नका. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, फारच तापला तर मशीन बंद पडतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'स्पीड' लिहिलेला असतो. काम चालू असताना तो 'बेस स्पीड' पेक्षा बराच खाली अडकून राहिला तर उष्णतेचाच संशय घ्या. कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढा, पंखा फिरतो का ते पाहा, थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदलून घ्या. आणि कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. गार हवा मिळते असं वाटतं, पण त्या ओल्या हवेबरोबर धूळ आत जाऊन चिकटते आणि पुढच्या उन्हाळ्यात पंख्याच्या पात्यांवर थर बसलेला सापडतो.

सकाळी घड्याळ चुकलेलं असणं आणि त्यामुळे कुठलीच वेबसाइट न उघडणं, हेही हार्डवेअरचंच. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ मागे जातं. तारीख जुनी असली की ब्राउझर वेबसाइटचं प्रमाणपत्र मान्य करत नाही आणि कनेक्शन सुरक्षित नाही असं सांगतो. रात्री दुकानाचा मेन स्विच पाडून जाणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं. सेल बदला, घड्याळ लावा, संपलं.

दोष सेटिंगचा की यंत्राचा हे कळत नसेल तेव्हा विंडोजमध्येच असलेलं एक साधन वापरा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' शोधा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. दिवसवार आलेख येतो, १ ते १० मध्ये गुण असतात, आणि ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली असते. फुलीवर क्लिक केलं की खाली कारण येतं. एकाच प्रोग्रॅमचं नाव परत परत आलं तर दोष तिथे आहे. वेगवेगळ्या दिवशी 'विंडोज वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाउन' एवढंच येत असेल तर वीज, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) किंवा उष्णता पाहा. त्रास सुरू झाला त्याच्या आदल्या दिवशी कुठलं अपडेट किंवा ड्रायव्हर बसला, हेही याच आलेखात खाली दिसतं. दुरुस्तीला मशीन नेण्याआधी या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. समोरच्याने "फॉरमॅट मारावं लागेल" म्हटलं की तो फोटो दाखवा आणि त्यातल्या कोणत्या फुलीसाठी फॉरमॅट लागतं ते विचारा.

कामाच्या मधे अपडेट घुसतं, ही तक्रार राहिली. विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' हाताने लावा. जास्तीत जास्त १८ तास देता येतात, त्या वेळात ते आपोआप रीस्टार्ट करत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवत असाल तर त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' लावा, डेटा वाचतो. परीक्षेचे किंवा अधिवेशनाचे दिवस असतील तर अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. कायमचं बंद करणारी टूल्स मात्र कुणी बसवून देतो म्हटलं तरी घेऊ नका, त्यातून पुढे जे बिघडतं ते शोधायला फार वेळ जातो.

अजून विंडोज १० वर असणाऱ्यांसाठी: त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. टीपीएम बऱ्याच मशीनमध्ये असतो पण बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेला असतो, म्हणून "तुमचं मशीन चालत नाही" हे उत्तर मान्य करण्याआधी बायोस उघडून पाहायला सांगा. प्रोसेसरच जुना असेल तर नियम चुकवून ११ टाकून घेण्यापेक्षा त्या मशीनवरून बँकेची आणि ऑनलाइन अर्जांची कामं काढून घ्या, नेट तोडा आणि टायपिंगपुरतं ते वापरा.